समाजवाद आणि साम्यवाद: मालकी, वाटप आणि सत्ता या तीन प्रश्नांतून

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्याने दिल्लीला पाठवलेल्या खासदारांत तीन नावं ठळक होती. औरंगाबादचे बापूसाहेब काळदाते जनता पक्षाचे, पण घडले राष्ट्र सेवा दलात आणि समाजवादी चळवळीत. बीडचे गंगाधरअप्पा बुरांडे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. नांदेडचे केशवराव धोंडगे शेतकरी कामगार पक्षाचे. बीडने तर त्याआधी १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांना भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर निवडून दिलं होतं.

तिघांचीही मुळं डाव्या विचारात होती. तरी काळदात्यांना कुणी कम्युनिस्ट म्हणत नसे. बुरांड्यांचा पक्ष समाजवाद आणि त्यापुढे साम्यवाद अशी दोन्ही ध्येयं आपल्या कार्यक्रमात लिहितो. आणि शेतकरी कामगार पक्षाने (शेकाप) १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, पण कम्युनिस्ट पक्षात तो कधी विलीन झाला नाही. बोलताना मात्र लाल झेंडा दिसला की कम्युनिस्ट आणि सरकारने काही फुकट दिलं की समाजवाद, अशी सरसकट नावं दिली जातात.

हे वेगळं करायला तीन प्रश्न पुरतात. जमीन, कारखाना, यंत्रं, पाणी ही उत्पादनाची साधनं कोणाच्या मालकीची? त्यातून जे निघतं ते कोणत्या नियमाने वाटायचं? आणि ही व्यवस्था आणायला सत्ता कशी मिळवायची, मिळाल्यावर ती कोणाच्या ताब्यात राहणार?

आधी टप्पे, मग पक्ष

समाजवादाचा विचार मार्क्सच्या आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क इथे रॉबर्ट ओवेन सूतगिरणी चालवत होता. दहा वर्षांखालच्या मुलांना त्याने कामावर घेणं थांबवलं, मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढली, आणि पुढे सगळं उत्पादन सहकाराने चालावं असा प्रचार सुरू केला. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८ मध्ये जाहीरनामा लिहिताना स्वतःला मुद्दाम कम्युनिस्ट म्हणवून घेतलं. भल्या मालकांच्या सदिच्छेवर विसंबणाऱ्या समाजवाद्यांपासून त्यांना वेगळं दिसायचं होतं.

१८७५ मध्ये जर्मन समाजवादी पक्षाच्या मसुद्यावर टीका करताना मार्क्सने साम्यवादी समाजाच्या दोन पायऱ्या सांगितल्या. खालच्या पायरीवर साधनं समाजाच्या मालकीची झालेली असतात, पण वाटप होतं कामाप्रमाणे. वरच्या पायरीवर वाटप होतं गरजेप्रमाणे. लेनिनने १९१७ मध्ये खालच्या पायरीला समाजवाद म्हटलं आणि वरच्या पायरीला साम्यवाद. मार्क्सवादी साहित्यात हे दोन शब्द येतात ते याच अर्थाने, एकाच रस्त्यावरचे दोन मुक्काम म्हणून.

राजकारणात मात्र हे दोन वेगळे रस्ते झाले. १९१९ मध्ये मॉस्कोत तिसरी आंतरराष्ट्रीय, म्हणजे जगभरातल्या कम्युनिस्ट पक्षांची संघटना, स्थापन झाली. तिच्यात यायचं तर पक्षाने स्वतःला कम्युनिस्ट म्हणवलं पाहिजे आणि सुधारणावादी समाजवाद्यांशी संबंध तोडले पाहिजेत, अशा अटी १९२० मध्ये घातल्या गेल्या. त्यानंतर युरोपात जवळजवळ प्रत्येक देशात दोन पक्ष उभे राहिले: निवडणुकीतून पायरीपायरीने जाणारा समाजवादी आणि क्रांतीची भाषा बोलणारा कम्युनिस्ट.

समाजवाद ही साम्यवादाची आधीची पायरी की साम्यवादाचा विरोधक, यावर होणारे बरेच वाद इथेच अडकतात. एक माणूस पायऱ्यांबद्दल बोलत असतो, दुसरा पक्षांबद्दल.

एका जिनिंगचा हिशेब

समजा परभणी जिल्ह्यात एक जिनिंग-प्रेसिंग आहे. १०० क्विंटल कापूस आत गेला की साधारण ३४ क्विंटल रुई आणि ६३-६४ क्विंटल सरकी निघते, बाकी कचरा आणि घट. १७० किलोची एक गाठ धरली तर रुईच्या २० गाठी होतात. कापसाची किंमत, वीज, हमाली, मजुरी आणि दुरुस्ती वजा जाता हंगामाअखेर ५० लाख रुपये उरले असं धरू. या ५० लाखांचं काय होतं, एवढंच पाहायचं.

आजच्या खासगी व्यवस्थेत ते मालकाचे. त्याने भांडवल घातलं, भाव पडण्याचा धोका पत्करला, म्हणून उरलेलं त्याचं. नवी यंत्रं घ्यायची, दुसरी जिनिंग काढायची की प्लॉट घ्यायचे हे तो ठरवतो. सरकारने त्यावर कर बसवला, किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी लागू केला, कराच्या पैशातून सरकारी दवाखाना चालवला, तरी मालक तोच राहतो. याला कल्याणकारी राज्य म्हणतात. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कचं नाव समाजवादाचं उदाहरण म्हणून नेहमी घेतलं जातं, पण ते मुख्यतः या खान्यात बसतात. तिथले बहुतेक कारखाने खासगी आहेत, फक्त कर जास्त, कामगार संघटना भक्कम आणि शिक्षण-आरोग्य सार्वजनिक. नॉर्वेचं तेल हा सरकारी मालकीचा मोठा अपवाद.

आता जिनिंग समाजाच्या मालकीची करू. समाज म्हणजे शासन, नगरपालिका, तिथल्याच कामगारांची संस्था किंवा कापूस उत्पादकांची संस्था, यांपैकी कोणीही असू शकतं. समाजवाद्यांचे आपसातले अर्धे वाद यावरच आहेत. ५० लाख तेव्हा सरळ वाटले जात नाहीत. मार्क्सने १८७५ मध्ये वजावटींची यादीच दिली आहे. आधी झिजलेली यंत्रं बदलायला रक्कम. मग उत्पादन वाढवायला. मग अपघात आणि आपत्तीसाठी राखीव. जिनिंगमध्ये रुईला आग लागण्याचा धोका कायम असतो, त्यामुळे ही वजावट किती महत्त्वाची ते मोंढ्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. त्यानंतर कारभाराचा खर्च, शाळा-दवाखाने, आणि ज्यांच्याकडून काम होत नाही अशा म्हाताऱ्या-आजारी माणसांसाठी निधी. एवढं काढून जे उरेल ते ज्याने जितकं काम केलं त्या प्रमाणात.

म्हणजे समाजवादात सगळ्यांना सारखा पगार ही समजूत चुकीची आहे. दोन हमालांनी सारख्याच गाठी उचलल्या तर दोघांना सारखंच मिळेल. पण एकाच्या घरात सहा माणसं खाणारी आणि दुसरा एकटा असेल, तर सारख्या मजुरीतही एक ओढाताणीत आणि दुसरा सुखात. ही विषमता या पायरीवर राहणार हे मार्क्सने स्वतःच लिहून ठेवलंय. फक्त मालकीच्या जोरावर, काम न करता मिळणारं उत्पन्न इथे बंद होतं.

साम्यवादात ही ओढाताणही जाते. ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याने काम करावं, ज्याला जेवढी गरज असेल तेवढं त्याने घ्यावं. सहा माणसांच्या घराला सहा माणसांचं मिळेल. मजुरी नाही, पैसा नाही, मालक-मजूर असे वर्ग नाहीत, आणि वर्गच नसल्यामुळे एका वर्गाला दुसऱ्यावर दाबून ठेवणारं राज्यही हळूहळू गळून जातं. सोव्हिएत संघ, चीन, क्युबा यांपैकी एकाही देशाने आपण इथे पोचलो असं म्हटलेलं नाही. सोव्हिएत संघाच्या नावात समाजवादी प्रजासत्ताक होतं, व्हिएतनामच्या नावात आजही आहे. सोव्हिएतच्या १९३६ च्या राज्यघटनेत वाटपाचं सूत्र कामाप्रमाणेच लिहिलं होतं. १९६१ मध्ये ख्रुश्चेव्हच्या काळात पक्षाने १९८० पर्यंत साम्यवादी समाज मुख्यतः उभा राहील असं जाहीर केलं. तसं झालं नाही, आणि १९९१ मध्ये तो देशच उरला नाही.

गरजेप्रमाणे वाटपाची एक अट सहसा सांगितली जात नाही. माल मुबलक असला पाहिजे. सरकीची पेंड २० गोण्या आणि मागणारे ४० असतील, तर गरजेप्रमाणे घ्या असं म्हणून भागत नाही. कोणाची गरज आधी, हे ठरवणारा माणूस लागतो, त्याच्या हातात किल्ली येते आणि रांग लागते. राज्य गळून जाण्याऐवजी तिथेच पक्कं होतं. चीनने १९५८ मध्ये लोककम्यून काढून सार्वजनिक भोजनालयांत पोटभर फुकट जेवण सुरू केलं. गरजेप्रमाणे वाटपाचा एवढा मोठा प्रयोग दुसरा झालेला नाही. काही महिन्यांतच धान्य आटलं. पिकाचे फुगवलेले आकडे वर जात होते आणि त्या आकड्यांवर सरकारची धान्यवसुली ठरत होती. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं दगावली. उलट इस्रायलमधले किब्बुत्झ, म्हणजे सामूहिक शेती-वसाहती, काही शे माणसांच्या वस्तीत, स्वेच्छेने, अशाच सूत्रावर दशकानुदशकं चालले. पुढे त्यांतल्या अनेकांनी वेगवेगळे पगार स्वीकारले, तरी लहान आणि एकमेकांना ओळखणाऱ्या गटात ही गोष्ट चालू शकते एवढं त्यांनी दाखवलं.

सरकारी मालकी म्हणजे समाजवाद का?

निजामाच्या राजवटीला हा प्रश्न विचारून पाहावा. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी रेल्वे ज्या कंपनीची होती, ती हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये विकत घेतली. १९३२ पासून संस्थानाच्या सरकारी बसही धावू लागल्या. रेल्वे सरकारी, बस सरकारी, वर सर्फेखास म्हणजे निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेले मुलूख. याला कोणी समाजवाद म्हणणार नाही, कारण ते सरकारच रयतेचं नव्हतं. जर्मनीत बिस्मार्कने रेल्वे सरकारी केली तेव्हा लोक त्यालाही समाजवाद म्हणू लागले. त्यावर एंगल्सने फटकारलं होतं की या हिशेबाने नेपोलियनलाही समाजवादाच्या संस्थापकांत धरावं लागेल. सरकारी मालकीवर लोकांचा खरा ताबा आहे का, हे पाहिल्याशिवाय समाजवाद हे नाव लागत नाही.

महाराष्ट्रातलं याहून शिकवणारं उदाहरण म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७२ पासून सुमारे तीन दशकं राज्यात कापूस खरेदी करण्याचा अधिकार एकट्या सरकारी यंत्रणेकडे होता, आणि राज्य कापूस पणन महासंघ ते काम पाही. हेतू चांगला होता: आडत्या आणि व्यापारी शेतकऱ्याला नाडतात, त्यांना बाजूला करून हमी भाव द्यायचा आणि नफा झाला तर तोही शेतकऱ्यालाच. जमीन खासगी, पीक खासगी, फक्त व्यापार सार्वजनिक. म्हणजे समाजवादाचा एक तुकडा, खासगी शेतीला जोडलेला.

बिघाड कुठून सुरू झाला ते नीट बघण्यासारखं आहे. बाजारात भाव चढले की कापूस चोरून शेजारच्या राज्यात जाई. भाव पडले की सगळाच केंद्रावर येई, कारण हमी भाव वरचा. परिणामी चढत्या बाजाराचा फायदा योजनेला मिळेना आणि पडत्या बाजाराचा तोटा पूर्ण तिच्याच गळ्यात. प्रत ठरवणारा ग्रेडर एकच, त्यामुळे माल नाकारला तर जायला दुसरं दार नाही. चुकारे लांबत, आणि ज्याला लग्नासाठी किंवा पेरणीसाठी नगद पाहिजे तो शेतकरी मिळेल त्या भावात खासगी माणसाला पावती करून देई. तोटा झाला तरी सरकार भरून देणार हे ठाऊक असल्याने खर्च आवरायची घाई कुणालाच नसे. हंगेरीचा अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाय याने समाजवादी देशांतल्या कारखान्यांचं हेच निदान केलं: बुडण्याची भीती गेली की काटकसरीचं कारणही जातं. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांना मिळणारी सरकारी थकहमी आठवली तर हे समजायला परदेशात जावं लागत नाही.

साखर कारखान्यांचा सांगाडा तसा समाजवाद्यांना आवडावा असाच आहे. सहकार कायद्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. भांडवलाच्या प्रमाणात मत देणाऱ्या कंपनीपेक्षा हे मुळातच वेगळं. पण ऊस तोडायला बीडहून जाणारा मजूर सभासद नसतो, कारखान्यातला कामगारही बहुधा नसतो. मालकी ऊस उत्पादकांची आहे, काम करणाऱ्यांची नाही. म्हणून याला शेतकऱ्यांचा सहकार म्हणावं, समाजवाद म्हणताना जपून.

रोजगार हमी योजना कल्याणकारी राज्याच्या खान्यात जाते. १९७२ च्या दुष्काळातून वर आलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि तिच्यासाठी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. मालकी कुणाचीच बदलली नाही, पण काम मागणं हा कायदेशीर हक्क झाला. तिचं मोल त्यामुळे कमी होत नाही. फक्त ती समाजवाद नाही.

जमिनीचा पेच

कम्युनिस्ट आले तर घर आणि बैलजोडी जाणार, ही भीती जुनी आहे. तिच्यात अर्धं खरं आणि अर्धं खोटं आहे. मार्क्स-एंगल्सच्या जाहीरनाम्यात वैयक्तिक वापराच्या वस्तू काढून घेण्याची गोष्ट नाही. घर, भांडी, कपडे, दागिने राहतात. ज्यावर दुसऱ्याला राबवून नफा मिळतो ती मालकी संपवायची आहे. पण शेतकऱ्याची बैलजोडी एकाच वेळी घरची वस्तू आणि उत्पादनाचं साधन असते, आणि चार एकरवाला एकाच वेळी मालक आणि मजूर असतो. सिद्धांत इथेच अडतो.

हैदराबाद संस्थानात १९४६ ते १९५१ या काळात तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढा झाला. देशमुख आणि जमीनदारांच्या जमिनी काढून भूमिहीनांना वाटल्या गेल्या. नेत्यांच्या सांगण्याप्रमाणे तीन हजार गावांत दहा लाख एकर. पण वाटल्या कशा? प्रत्येकाला वेगळी, त्याच्या ताब्यात. कम्युनिस्टांनी केलेलं वाटप असूनही हा साम्यवाद नव्हता. कसेल त्याची जमीन या घोषणेतून लहान मालक तयार होतात. १९४९ ची जागीर समाप्ती, १९५० चा हैदराबाद कुळकायदा आणि पुढे राज्याचा कमाल जमीनधारणा कायदा यांनीही तेच केलं. १९७५ नंतर कमाल मर्यादा बारमाही बागायतीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर ठरली. जास्तीची जमीन गेली ती दुसऱ्या खासगी मालकाकडेच.

रशियात १९१७ मध्ये असंच झालं होतं. शेतकऱ्यांनी जमिनी वाटून घेतल्या. मग १९२९ च्या सुमारास स्टालिनने त्या जबरदस्तीने सामूहिक शेतीत ओढल्या. द्यावी लागण्याआधी कापून खाल्लेली बरी, म्हणून लोकांनी जनावरं मारली. १९३३ पर्यंत देशातले घोडे आणि गुरं जवळपास निम्म्यावर आली. सामूहिक शेतीत पिकातून आधी सरकारचा ठरलेला वाटा जाई आणि उरलेलं कामाच्या दिवसांवर वाटलं जाई, म्हणजे वाईट वर्षी शेतकऱ्यासाठी काहीच उरत नसे. १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान आणि इतरत्र लाखो माणसं उपाशी मेली. नंतर घरामागे परसाएवढा तुकडा स्वतःसाठी कसायची परवानगी मिळाली. लागवडीखालच्या जमिनीत या तुकड्यांचा हिस्सा नगण्य होता, पण देशाच्या शेती उत्पादनातला सुमारे चौथा भाग त्यातून येऊ लागला. त्यात भाजी, दूध, अंडी, मांस असा जास्त किमतीचा माल होता आणि चारा अनेकदा सामूहिक शेतीतूनच यायचा, हे लक्षात घेऊनही आकडा बोलका आहे.

याच पेचावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये घटना समितीपुढे ठेवायच्या निवेदनात वेगळं उत्तर मांडलं होतं, आणि ते पुरेसं वाचलं जात नाही याची खंत वाटते. कुळकायदा आणि तुकडेजोड (शेतीचे विखुरलेले तुकडे एकत्र करणं) भूमिहीन अस्पृश्यांच्या काही कामाची नाही, कारण त्यांच्याकडे जमीनच नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा. उपाय असा: शेती हा सरकारी उद्योग करावा, मालकांना कर्जरोख्यांत मोबदला द्यावा, जमिनीचे ठरावीक आकाराचे भाग पाडून गावातल्या कुटुंबांच्या गटांना जातिभेद न करता कसायला द्यावेत, पाणी, जनावरं, अवजारं, बी-खत सरकारने पुरवावं. मूलभूत उद्योग सरकारी, विमाही सरकारी आणि प्रत्येक प्रौढाला सक्तीचा. यात मालकी जवळजवळ सोव्हिएतसारखी दिसते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र उलट आहे: संसदीय लोकशाही कायम आणि एका पक्षाची हुकूमशाही नाही. ही अर्थव्यवस्था थेट राज्यघटनेत लिहावी, म्हणजे बहुमत बदललं म्हणून ती मोडता येणार नाही. १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात त्यांनी हाच भेद पुन्हा सांगितला. शोषण संपवायचं ध्येय मान्य, पण हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग अमान्य. राज्य गळून गेल्यावर त्याच्या जागी काय येणार, याचं उत्तर कम्युनिस्टांकडे नाही, असाही त्यांचा आक्षेप होता.

सत्ता कशी मिळवायची

भारतात काँग्रेस समाजवादी पक्ष १९३४ मध्ये निघाला: जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, लोहिया, अच्युतराव पटवर्धन. सुरुवातीला कम्युनिस्ट त्यात येऊन काम करत. १९४० मध्ये त्यांना काढलं गेलं. १९४२ ला कायमची फूट पडली. समाजवादी भूमिगत राहून चले जाव लढवत होते, तर रशियावर हिटलरने हल्ला केल्यानंतर महायुद्धाला लोकयुद्ध ठरवून कम्युनिस्ट पक्ष त्या आंदोलनाबाहेर राहिला. ही जखम पुढे कित्येक वर्षं दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांत होती.

संघटनेतला फरकही तितकाच मोठा. कम्युनिस्ट पक्षात लोकशाही केंद्रीकरण चालतं: निर्णय होईपर्यंत वाद घाला, झाल्यावर वरून खालपर्यंत एकच भूमिका, आणि पक्षांतर्गत गट करायला मनाई. समाजवाद्यांत मतभेद उघड मांडायची मोकळीक होती, आणि त्याची किंमत म्हणून पक्ष पुन्हा पुन्हा फुटत गेले. कम्युनिस्टही फुटले, १९६४ मध्ये आणि १९६९ मध्ये. पण त्यांच्या फुटीत रशिया-चीन वाद, भारतीय भांडवलदार वर्गाचं स्वरूप आणि सशस्त्र मार्ग असे सैद्धांतिक मुद्दे समोर होते. लोहियांनी आणखी एक मुद्दा आणला: भारतात वर्गाइतकीच जात हीसुद्धा साधनांची वाटणी ठरवते, आणि प्रचंड यंत्रांची आवड भांडवलशाहीला आणि साम्यवादाला सारखीच आहे.

कम्युनिस्ट म्हणजे बंदूक, हे समीकरण भारतात तरी सरसकट लागू नाही. १९५७ मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचं सरकार मतपेटीतून आलं आणि १९५९ मध्ये केंद्राने ते बरखास्त केलं. बंगालमध्ये डावी आघाडी १९७७ ते २०११ सलग निवडून आली आणि २०११ मध्ये हरल्यावर पायउतार झाली. बंदुकीचा मार्ग धरणारे माओवादी हा वेगळा पक्ष.

संविधानाच्या उद्देशिकेत समाजवादी हा शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. १९४८ मध्ये घटना समितीत सदस्य के. टी. शहांनी तो सुचवला होता. अर्थव्यवस्था कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, आणि मार्गदर्शक तत्त्वांत ती दिशा आहेच, असं सांगून आंबेडकरांनी तेव्हा तो नाकारला. आज नोंदणीकृत पक्षाला लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या २९-अ कलमाप्रमाणे समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं, मग तो खासगीकरणाच्या बाजूचा का असेना. हे चालतं, कारण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्याप्रमाणे उद्देशिकेतला समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य आणि समान संधी, खासगी उद्योगाला मनाई नव्हे.

त्याच महिन्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणावर निकाल दिला. मुंबईतल्या जुन्या इमारती ताब्यात घेण्याच्या कायद्यावरून हा वाद उभा राहिला होता. मार्गदर्शक तत्त्वांतल्या कलम ३९(ब) मधली समाजाची भौतिक साधनसंपत्ती म्हणजे प्रत्येक खासगी मालमत्ता नव्हे, असं बहुमताने ठरलं. कोणती मालमत्ता त्यात येईल हे पाहताना साधनाचं स्वरूप, समाजाच्या हितावरचा परिणाम, टंचाई, आणि ते थोड्या हातांत साचल्याचे परिणाम तपासायचे.

या कसोट्या मराठवाड्यात सगळ्यात आधी भूजलाला लावाव्यात. आजही जमीन ज्याची, खालचं पाणी उपसायचा हक्क त्याचा. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरवर बंधनं आहेत, पण मालकीचा मूळ नियम तोच. ज्याला पाचशे फुटांवर जायची ऐपत आहे तो उसाला पाणी देतो आणि शेजाऱ्याची विहीर आटते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने मालकी आणि वाटप हे दोन प्रश्न सुटे केले. जमीन ज्याची त्याचीच राहिली. पाणी मात्र एकराऐवजी माणसांवर मोजलं: माणशी अर्ध्या एकराचं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. उसाला बंदी. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा गावकऱ्यांनी आधी भरायचा. यात मालकीचा भाग खासगी आहे, पाण्याचा भाग सामाईक आहे, आणि वाटपाचं सूत्र घरातली तोंडं मोजणारं, म्हणजे गरजेच्या बाजूला झुकणारं आहे.